शॅडो २ साठी रिकॉइल स्प्रिंग किती पाउंडची घ्यावी?

ह्यूस्टनकर

मंडळी,

नेमबाजीवर इथे फारसे धागे निघत नाहीत. पण यूएसपीएसए (अमेरिकेतली वेळ आणि गुणांवर चालणारी पिस्तुलाची स्पर्धा) खेळणारे दोन-चार जण आणि पुण्याचे २५ मीटरवाले इथे आहेत, हे जुन्या गप्पांवरून माहीत आहे. म्हणून विचारतो.

पिस्तूल सीझेड शॅडो २, नऊ एमएम, वर डॉट (नेम धरायला ठिपका दाखवणारी साइट). डिव्हिजन, म्हणजे स्पर्धेतला गट, कॅरी ऑप्टिक्स. सरावाला दुकानातले १२४ ग्रेनचे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) राउंड वापरतो. मॅचला घरी भरलेले १४७ ग्रेनचे, क्रोनोवर (वेग मोजायचं यंत्र) सरासरी ८९० फूट प्रति सेकंद. म्हणजे पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग भागिले हजार) १३१ च्या आसपास. हॅमर स्प्रिंग आधीच हलकी टाकली आहे. रिकॉइल स्प्रिंग (बार झाल्यावर मागे गेलेली स्लाइड परत पुढे आणते ती) मात्र अजून कंपनीचीच.

अडचण अशी आहे की बार झाला की डॉट वर जातो, ते ठीकच. पण परत येताना तो टार्गेटच्या मध्यावर थांबत नाही. खाली जातो आणि मग पुन्हा वर येतो. दुसरा बार घाईने सोडला की गोळी खालच्या सी झोनमध्ये. मायनर स्कोअरिंगला (कमी पॉवर फॅक्टरची गुणपद्धत) मधल्या ए झोनला पाच गुण आणि बाहेरच्या सीला तीन, त्यामुळे हे परवडत नाही.

स्क्वाडमध्ये विचारलं. एक म्हणाला डोळे मिटून ८ टाक. दुसरा म्हणाला ११ च्या खाली जाऊ नकोस. तिसरा म्हणाला, "कंपनीत इंजिनिअर बसलेत ते काय वेडे आहेत का?" तिघंही माझ्यापेक्षा बरे खेळतात, ही पंचाईत.

मला आकडा नको आहे, तो कसा ठरवायचा ते हवं आहे.

गप्प_बसा

शीर्षक वाचून वाटलं गादीच्या स्प्रिंगबद्दल आहे. पाठदुखीवर सल्ला द्यायला आलो होतो. चालू द्या.

ऑस्टिनची_आवली

माझ्या शॅडो २ मध्ये ११ आहे. तीन वर्षं झाली, तक्रार नाही. डॉट खाली बुडतो तो कंपनीच्या जड स्प्रिंगमुळे. स्लाइड पुढे येऊन आपटते आणि नळीचं तोंड खाली ढकलते.

पण आधी एक सांगा, डाव्या हाताची पकड कशी आहे? बार होताना उजव्या हाताने पिस्तूल खाली दाबायची सवय असेल तर जगातली कुठलीही स्प्रिंग टाका, डॉट बुडणारच. मॅगझिनमध्ये मधेच एक डमी राउंड घालायला कुणाला तरी सांगा. "क्लिक" होताना तोंड खाली गेलं तर स्प्रिंगचे पैसे वाचतील.

जर्सीतला_जगू

ऑस्टिनताईंना अर्धं अनुमोदन. डमी राउंडचं अगदी बरोबर.

पण ११ बद्दल मतभेद आहे. मी १३ वापरतो आणि सुखी आहे. हलकी स्प्रिंग टाकली की स्लाइड परत येताना आळस करते. तुम्ही ट्रिगर रीसेट करून तयार बसता आणि डॉट अजून रस्त्यातच. मला जोरात परत येणारी स्लाइड आवडते, पकड घट्ट असेल तर बुडणं हाताने थांबवता येतं.

आमच्या राज्यात मॅगझिनला दहाची मर्यादा, त्यामुळे माझा निम्मा वेळ रीलोडमध्येच जातो. तेव्हा माझं मत त्या हिशोबाने घ्या.

भोसरी_एमआयडीसी

मी नेमबाज नाही. बावीस वर्षं स्प्रिंगा बनवण्यात गेली (दुचाकीच्या आणि व्हॉल्व्हच्या), त्यामुळे धागा दिसल्यावर राहवलं नाही. पिस्तुलाची माहिती जावयाकडून घेतली आहे, तो तिकडे डॅलसला हाच उद्योग करतो. चुकलं तर सांगा.

पहिली गोष्ट, पाकिटावर "११ पाउंड" लिहिलेलं असतं ते कधीचं? स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंग जितकी दबते, त्या लांबीला ती जितका जोर लावते तो आकडा. स्लाइड बंद असताना तीच स्प्रिंग त्याच्या निम्म्याच्या आसपास जोर लावत असते, त्याला आम्ही प्रीलोड म्हणतो. आता दोन कंपन्यांच्या ११ पाउंडी स्प्रिंगा घ्या. एकीची तार जाड आणि कॉइल कमी, दुसरीची तार बारीक आणि फ्री लेंथ जास्त. पूर्ण मागे दोन्ही ११ दाखवतील, पण बंद स्थितीत एक पाच दाखवेल आणि दुसरी सात. हाताला त्या वेगळ्याच लागणार. म्हणून "मी ११ वापरतो" एवढं सांगून काम भागत नाही.

दुसरी गोष्ट, थोडा हिशोब. सगळं ढोबळ आहे, नाकं मुरडू नका.

१४७ ग्रेन म्हणजे साडेनऊ ग्रॅम. ८९० फूट म्हणजे सेकंदाला २७१ मीटर. गुणाकार साधारण २.६, दारूच्या वायूचा धक्का धरून २.८. तेवढाच संवेग उलट दिशेने स्लाइडला मिळतो. स्लाइड आणि नळी मिळून अर्धा किलो धरा, म्हणजे स्लाइड सेकंदाला साडेपाच मीटर वेगाने मागे निघते. तिच्यातली ऊर्जा साडेसात-आठ जूल. (नळी थोडं अंतर जाऊन थांबते, ते सोडून देऊ.)

आता स्प्रिंग. ११ पाउंड म्हणजे ४९ न्यूटन. बंद स्थितीत २५ धरा, सरासरी ३७. स्लाइडचा प्रवास साडेचार सेंटीमीटर. म्हणजे स्प्रिंगने मागे जाताना गिळलेली ऊर्जा पावणेदोन जूलसुद्धा नाही. १४ पाउंडी टाकली तर २.१ जूल.

म्हणजे आठांपैकी स्प्रिंग दोन गिळते. बाकीची हॅमर चढवण्यात, पुंगळी ओढून फेकण्यात, घर्षणात आणि शेवटी फ्रेमवर आपटण्यात जाते. ११ आणि १४ मधला फरक अर्ध्या जूलहूनही कमी. "जड स्प्रिंग रिकॉइल शोषून घेते" हे मागे जाण्याच्या प्रवासात फारसं खरं नाही.

पण पुढे येताना? तेव्हा हॅमर मदत करत नाही, तो वर अडकलेला असतो. दारूही नाही. स्लाइडला पुढे आणणारी एकटी ही स्प्रिंगच. तिथे १.७ आणि २.१ म्हणजे सरळ सव्वा पट. धागाकर्त्याचा डॉट खाली बुडतोय तो याच प्रवासाच्या शेवटी.

म्हणून माझ्या मते स्प्रिंग निवडायची ती परतीच्या प्रवासासाठी. वरचा राउंड मॅगझिनमधून ढकलून, चेंबरमध्ये बसवून, स्लाइड पूर्ण बंद करण्याइतका जोर हवा. त्यावर थोडा राखीव. त्याच्या वर जे काही आहे ते नळीचं तोंड खाली ढकलण्यात खर्च होतं.

गप्प_बसा

काका, मी पाठदुखीसाठी आलो होतो आणि बारावीच्या फिजिक्सच्या पेपरात सापडलो.

निवांत

भोसरीकाका, साष्टांग. वाखू (वाचनखूण) साठवली.

बे_एरिया_भटक्या

भोसरीकाकांच्या प्रतिसादात एक भर. हॅमर स्प्रिंग विसरू नका. स्लाइड मागे निघते तेव्हा तिला पहिला विरोध हॅमरचा होतो. ह्यूस्टनकरांनी हॅमर स्प्रिंग आधीच हलकी केली आहे, म्हणजे तो विरोध कमी झालाच आहे. १९११ (हे जुनं पिस्तुलाचं मॉडेल) वाले फायरिंग पिन स्टॉपची खालची कड चपटी ठेवतात ती याचसाठी. हॅमर ढकलायला स्लाइडला जास्त जोर लावावा लागतो आणि ती उघडायला किंचित उशीर होतो.

१९११ चे आकडे हवे असतील तर: पाच इंची नळी आणि .४५ एसीपीला १६ पाउंड हे मूळ मानतात. कमांडर (आखूड) लांबीला १८, कारण स्लाइड हलकी आणि प्रवास कमी. तेच पिस्तूल नऊ एमएममध्ये असेल तर १२ च्या आसपास, मायनर लोडला लोक १० वरही जातात.

खट्याळ_खान्देशी

एक शंका. ओपन डिव्हिजनवाले मेजर (जास्त) पॉवर फॅक्टरचे राउंड मारतात. यूएसपीएसएला १६५, आयपीएससीला (याच खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) ओपनसाठी १६०. तरी त्यांच्या बंदुकीत ८-९ पाउंडांच्या नाजूक स्प्रिंगा असतात. हिशोबाने त्यांना सगळ्यात जड लागायला हवी. काका?

भोसरी_एमआयडीसी

जावयाला विचारलं. तो म्हणतो नळीच्या पुढे कॉम्पेन्सेटर असतो, त्यातून वायू वर जातो आणि तोंड वर उसळू देत नाही. उसळीच नसेल तर परतीचा जोर उलट नडतो, डॉट खालीच जातो. त्यामुळे तिथे सगळ्यात हलकी. म्हणजे आपलं तेच, परतीचा प्रवास. फ्रेमवर आपटणं ते सहन करतात. त्यासाठी कुणी गाइड रॉडवर प्लास्टिकची चकती (शॉक बफ) घालतात, कुणी नाही.

फौजी_नाना

चर्चा छान आहे. एक जुनं खोड म्हणून सांगतो. आमच्याकडे ईशापूरचं नऊ एमएम पिस्तूल असायचं, १ए. ब्राउनिंगच्या हाय पॉवरवरचं. त्याची स्लाइड ओढताना नव्या पोरांचे हात दुखायचे. कुणी कुरकुरला की आमचे उस्ताद म्हणायचे, चिखलात पडल्यावर हेच चालेल.

सर्व्हिस पिस्तुलाला कुठलाही दारूगोळा, कुठलंही हवामान, कशीही पकड चालवून घ्यावी लागते. कंपनी जड स्प्रिंग देते ती त्या हिशोबाने. तुम्ही एकच लोड, एकच माणूस, साफ केलेलं पिस्तूल. तुम्हाला हलकी परवडते. स्क्वाडमधल्या तिसऱ्या गड्याला हे सांगा. कंपनीचे इंजिनिअर वेडे नाहीत, पण ते तुमच्यासाठी बसलेले नाहीत.

आणि हो, तेच पिस्तूल रात्री उशाजवळ संरक्षणाला ठेवत असाल तर कंपनीचीच राहू द्या.

ह्यूस्टनकर

सगळ्यांचे आभार. भोसरीकाका, असा प्रतिसाद इंग्रजी फोरमवरही मिळाला नाही.

ऑस्टिनताई, डमी राउंड करून पाहिलं. थोडं दाबतो, पण बुडणं त्याहून जास्त आहे.

नानासाहेब, नाही, हे फक्त मॅचचं.

एच१बी_अभागी

अवांतर: मीही रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन पाहावं म्हणतो. ऑफिसमधला एक जण म्हणतो व्हिसावर चालत नाही. खरं का?

बे_एरिया_भटक्या

@एच१बी_अभागी, हे हलक्यात घेऊ नका. फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. त्याचे बारकावे वकिलाला विचारा, फोरमवर नाही. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही.

कोल्हापुरी_रस्सा

आणि इकडे आम्ही? धाग्यात सगळे नऊ एमएम नऊ एमएम करताहेत. भारतात नऊ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य परवान्यावर मिळत नाही. आम्ही फक्त वाचायचं आणि रस्सा ओरपायचा.

नेमबाज_पुणे

@कोल्हापुरी_रस्सा, कोल्हापूरकराने असं म्हणावं? तुमच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं, तेही .२२ वर. नऊ एमएम नसलं म्हणून काही अडत नाही.

आता विषयाला धरून. आमच्या खेळात परिस्थिती उलटी आहे. बालेवाडीला सराव करणारे आम्ही .२२ आणि सेंटर फायरला .३२ वॉडकटर (चपट्या तोंडाची गोळी) मारतो. पिस्तूल कंपनीने ठराविक दारूगोळ्यासाठी जुळवलेलं असतं आणि आम्ही स्प्रिंगला सहसा हात लावत नाही, गोळी बदलतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी जुळवलेल्या .२२ मध्ये हाय व्हेलॉसिटी भरली तर स्लाइड फाडफाड आपटते. उलट फार मऊ लॉट आला की स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी दारातच अडकते. थंडीत सकाळी हे जास्त होतं, पिस्तुलातलं तेलही घट्ट झालेलं असतं.

२५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड फेरीला तीन सेकंद टार्गेट समोर, सात सेकंद बंद, एका वेळी एकच गोळी. तिथे स्लाइड कशी परतते याने काही फरक पडत नाही. पण पुरुषांच्या रॅपिड फायरला पाच टार्गेटांवर चार सेकंदांत पाच गोळ्या. तिथे मात्र पिस्तूल प्रत्येक वेळी त्याच जागी परत यायला हवं. जोर किती यापेक्षा दर वेळी तेवढाच आहे का, हे आमचे कोच आधी बघायला लावतात.

त्यामुळे ह्यूस्टनकर, आधी ठरवा की सराव आणि मॅच एकाच गोळीवर करणार की नाही. १२४ दुकानातली आणि १४७ घरची, अशा दोन तबल्यांवर एक स्प्रिंग कशी जुळवणार?

ह्यूस्टनकर

हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. दुकानातल्या १२४ ची पेटी क्रोनोवर लावली नाही कधी.

ऑस्टिनची_आवली

लावा. पाकिटावर ११५० लिहिलेली १२४ ग्रेन खरोखर तेवढी निघाली तर पॉवर फॅक्टर १४२ होतो. तुमच्या १३१ च्या मानाने बराच फरक आहे. पाकिटावरचा आकडा आणि तुमच्या नळीतला आकडा वेगळाही असतो.

आणि १४७ विरुद्ध १२४ यात स्प्रिंगच्या दृष्टीने वजनाला महत्त्व नाही. पॉवर फॅक्टर म्हणजे संवेगच. दोन्ही १३० ला भरल्या तर स्लाइडला जवळपास तेवढाच धक्का. १४७ मऊ वाटते ती दारू कमी लागते म्हणून.

कॅनडावासी

इकडे ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्री गोठवली आहे. नवीन पिस्तूल मिळत नाही, त्यामुळे माझ्याकडे आहे त्या ग्लॉकवरच सगळे प्रयोग. ग्लॉकवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो, कारण तिथली गोम वेगळी आहे.

हॅमरवाल्या पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग हलकी केली तर ट्रिगर दाबताना काही होत नाही. ग्लॉकमध्ये ट्रिगर दाबताना तुम्ही स्ट्रायकर (हॅमरऐवजी ठोका मारणारी पिन) मागे ओढता आणि स्ट्रायकरची स्प्रिंग स्लाइडला मागे खेचत असते. तिला धरून ठेवते ती रिकॉइल स्प्रिंग. ग्लॉक १७ ची (जुनी पिढी) मूळ १७ पाउंडी मानतात. १५ वर सहसा काही होत नाही. १३ किंवा ११ वर स्लाइड पूर्ण बंद राहत नाही असं होऊ शकतं, मग बार होत नाही किंवा टोपीवर (प्राइमरवर) हलका ठोका बसतो. त्यासाठी लोक स्ट्रायकर स्प्रिंगही हलकी टाकतात, आणि मग कडक प्राइमरवर ठोका कमी पडतो. एकाचं बघायला गेलं की दुसरं बिघडतं.

तपासायला सोपं: पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा पाहा, मॅगझिन बाहेर. ट्रिगर दाबून धरा, तोंड वर करा, स्लाइड मागे ओढून हाताने अगदी हळू पुढे सोडा. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ती आपणहून बंद झाली पाहिजे. अडकली तर स्प्रिंग फार हलकी किंवा मेलेली.

जर्सीतला_जगू

+१. हीच चाचणी धूळ-चिखलाच्या मॅचनंतर, साफ न करता करा. घरी तेल लावून तर सगळंच बंद होतं.

मुलुंड_टू_मिनियापोलिस

कापून टाका की राव. कंपनीची स्प्रिंग आहेच, दोन कॉइल कापल्या की झाली हलकी. फुकटात काम.

भोसरी_एमआयडीसी

नका हो नका.

कॉइल कापली की उरलेली स्प्रिंग हलकी होत नाही, कडक होते. कॉइल जितक्या कमी तितका प्रत्येक मिलिमीटरला लागणारा जोर जास्त. कमी होतं ते प्रीलोड, कारण लांबी घटली. म्हणजे स्लाइड बंद ठेवण्याचा जोर गेला, जिथे तो हवा होता. आणि मागच्या टोकाचा जोर मात्र जवळपास तसाच. शिवाय कापलेलं टोक घासून सपाट केलं नाही तर ते गाइड रॉडवर तिरकं बसतं आणि फ्रेमला ओरखडे पाडतं. ग्राहक आमच्याकडे अशी कापलेली स्प्रिंग घेऊन येतो आणि म्हणतो "माल खराब आहे".

नवी स्प्रिंग दहा-बारा डॉलरला मिळते म्हणतो जावई. मुलुंडकरांनो, तेवढ्यासाठी पक्कड काढू नका.

मुलुंड_टू_मिनियापोलिस

पक्कड ठेवली परत. _/\_

ट्रिगर_हॅपी

सगळे इतकं लिहिताहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. स्प्रिंगने फरक पडतो हे मान्य, पण किती? नऊ एमएमच्या स्लाइडचा अख्खा फेरा साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात होतो. तुमचे स्प्लिट्स (दोन बारांमधला वेळ) किती? बरे खेळणारेही ०.२० च्या आसपास मारतात. म्हणजे तुम्ही पुढचा ट्रिगर दाबण्याच्या कितीतरी आधी स्लाइड घरी पोहोचलेली असते, ८ पाउंडी असो की १४. जगूभाऊंची "आळशी स्लाइड" ही हाताला जाणवते, टायमरला नाही.

चार स्प्रिंगा मागवून त्यात चार वीकेंड घालवण्यापेक्षा त्या पैशाच्या गोळ्या घ्या आणि ट्रान्झिशनचा सराव करा. हिट फॅक्टर म्हणजे गुण भागिले वेळ. तो वेळ एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाताना आणि स्टेजमध्ये धावताना जातो.

जर्सीतला_जगू

हाताला जाणवतं म्हणूनच तर खेळतो, भाऊ. टायमरने कुठे ट्रिगर दाबायचाय?

ऑस्टिनची_आवली

ट्रिगर_हॅपी यांचा आकडा बरोबर, निष्कर्ष अर्धवट. स्लाइड वेळेत घरी येते हे खरं, पण घरी आल्यावर डॉट कुठे असतो हा प्रश्न आहे. धागाकर्त्याचा डॉट स्लाइड बंद झाल्यानंतर खाली जातोय. तो वर यायची वाट बघण्यात वेळ जातो किंवा सी लागतात. तिथे स्प्रिंगचा संबंध आहे.

हे पाहायला मोबाइल पुरतो. बाजूने स्लो मोशन, २४० फ्रेमवर. एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलीसेकंद. स्लाइड बंद झाली ती फ्रेम शोधा आणि पुढच्या पाच-सहा फ्रेम एकेक करून नळीचं तोंड बघा. खाली गेलं का, किती, आणि परत आपणहून आलं का तुम्ही आणलंत. तीन स्प्रिंगांचे तीन व्हिडिओ एकाखाली एक लावले की "मला असं वाटतं" बंद होतं. कॅमेरा स्टँडवर ठेवा, मित्राच्या हातात देऊ नका. तो बार ऐकून दचकतो.

नेमबाज_पुणे

आणि पुंगळ्या कुठे पडतात तेही पाहा. एक-दोन मीटरवर एका ढिगात पडत असतील तर ठीक. रेंजच्या पलीकडच्या बेमध्ये (कप्प्यात) उडत असतील तर स्प्रिंग हलकी, पायावर पडत असतील तर जड. एक्स्ट्रॅक्टर-इजेक्टरनेही (पुंगळी ओढणारे-फेकणारे भाग) हे बदलतं, म्हणून यावर एकट्याने निर्णय नको. पण एकाच पिस्तुलात फक्त स्प्रिंग बदलून बघताय तर तुलना होते.

बे_एरिया_भटक्या

निवडलेली स्प्रिंग मॅचला नेण्याआधी मी हे करतो:

मॅगझिनमध्ये एकच राउंड, ढिली पकड, एका हाताने बार. स्लाइड मागे अडकलीच पाहिजे. मग तेच डाव्या हाताने. मग मॅगझिन गच्च भरून पहिले दोन राउंड, कारण भरलेल्या मॅगझिनमधून राउंड ओढायला स्लाइडला जास्त जोर लागतो आणि हलकी स्प्रिंग तिथे दगा देते. आणि हे सगळं त्याच गोळीवर, जी क्रोनोवर १२५ पॉवर फॅक्टरच्या सगळ्यात जवळ जाते. थंडीत काही पावडरींचा वेग पडतो हेही लक्षात ठेवा.

क्रोनोवर १२५ च्या खाली गेलात तर अख्खी मॅच विनास्कोअर. त्यामुळे स्प्रिंग हलकी केली म्हणून गोळीही मऊ करायचा मोह आवरा.

खट्याळ_खान्देशी

हलक्या स्प्रिंगने फ्रेम फुटते म्हणतात त्याचं काय?

ऑस्टिनची_आवली

मायनर लोडवर स्टीलची फ्रेम इतक्यात फुटत नाही. सीझेडमध्ये तुटतो तो स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवून धरणारा खटका). तो कंपनीच्या स्प्रिंगवरही तुटतो. हलक्या स्प्रिंगने लवकर तुटतो का यावर आमच्या क्लबात दोन पक्ष आहेत आणि दोघांच्याही बॅगेत जादा स्लाइड स्टॉप असतो.

फौजी_नाना

दोन पक्ष आणि एकच पिशवी. आपला महाराष्ट्र शोभतो.

ह्यूस्टनकर

अपडेट.

१०, ११ आणि १३ मागवल्या. तिन्हींच्या शेवटच्या कॉइलवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, कारण पिशवीतून काढल्यावर तिन्ही अगदी सारख्या दिसतात. (लाल १०, गुलाबी ११, १३ ला जो रंग आहे त्याचं नाव बाटलीवर "मॉव्ह" आहे.) सराव आणि मॅच दोन्हीला आता १४७ च.

१३ वर व्हिडिओत तोंड स्पष्ट खाली जातं, कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा थोडं कमी. ११ वर एका फ्रेमपुरतं खाली जाऊन थांबतं. १० वर जवळपास जातच नाही, डॉट सरळ उभ्या रेषेत वर आणि खाली. हाताला १० सगळ्यात आवडली, खोटं कशाला बोलू.

पण भटक्या यांच्या चाचण्या केल्या. १० वर गच्च मॅगझिनचा पहिला राउंड स्लाइडने ढकलला आणि शेवटच्या दोन मिलिमीटरवर ती थांबली. दुसऱ्या मॅगझिनमध्ये नाही झालं. पहिल्यात पुन्हा झालं. ११ वर कुठल्याच मॅगझिनमध्ये नाही, डाव्या हातानेही नाही, न पुसलेल्या पिस्तुलातही नाही. तर ११ ठेवली.

ट्रिगर_हॅपी, टायमरवर तिन्हींच्या बिल ड्रिलमध्ये (एकाच टार्गेटवर झपाट्याने सहा गोळ्या) म्हणण्यासारखा फरक नाही, तुमचं खरं. ए मात्र वाढले.

जर्सीतला_जगू

१० वर अडकतंय त्या मॅगझिनची स्प्रिंग आणि ओठ तपासा. दोष कदाचित मॅगझिनचा असेल आणि तुम्ही विनाकारण १० ला नापास केलंत.

ह्यूस्टनकर

असेलही. पण मॅचमध्ये तेच मॅगझिन पट्ट्यावर असणार ना. तपासतो.

ट्रिगर_हॅपी

ए वाढले तर माघार. पण ट्रान्झिशन करा.

निवांत

किती राउंडनंतर बदलायची ही स्प्रिंग?

बे_एरिया_भटक्या

साध्या गोल तारेची असेल तर तीन ते पाच हजार राउंड, असं बहुतेक जण सांगतात. चपट्या तारेची जास्त टिकते. मी हजार मोजत बसत नाही, पुंगळ्या लांब जायला लागल्या की बदलतो.

भोसरी_एमआयडीसी

पुंगळ्यांची वाट बघू नका. ह्यूस्टनकर, आजच ११ ची फ्री लेंथ मोजून मॅचच्या वहीत लिहून ठेवा. पहिल्या दोनेकशे राउंडांत ती थोडी बसेल, ते नैसर्गिक आहे, घाबरू नका. तेव्हा पुन्हा मोजा आणि तो आकडा खरा धरा. पुढे दर वेळी साफ करताना व्हर्नियर लावायचा. नव्या स्प्रिंगचा आकडा लिहिलेला नसेल तर जुनी किती बसली हे कशाशी ताडणार? आणि १० व १३ फेकू नका, जावई म्हणतोय त्याला पाठवा.